अंगठ्याच्या काठाचं मडकं

रूरिमार्का, ८ ऑगस्ट १९७६

डोमी,

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी आधी चुलीखाली पाळलेल्या गिनिपिगांना ओलं गवत टाकलं, राख काढली, जवाचं सूप चढवलं आणि मग अंगणात मातीपाशी बसले. तुझा भाऊ निकासियो भिंतीला टेकून उन्हात बसला होता. खाणीतून परत आल्यापासून त्याचं तेवढंच काम होतं, ऊन सरकेल तसं सरकायचं. खोकला थांबला की घरातल्या भिंतीवर चिकटवलेल्या जुन्या वर्तमानपत्रांमधलं काहीतरी तो मला वाचायला सांगायचा आणि मी अडखळले की खूश व्हायचा. तुला माहीत आहे, मी वाचायला त्या भिंतीवरच शिकले. बातमी कोपऱ्यात वळली की मीही वळायचे.

मी तुझ्या आईनं शिकवलं तसं मडकं घडवत होते. दगडाचा चुरा घातलेली काळी माती, जाड अंग, आणि काठावर गोल फिरत अंगठ्याचे खड्डे. निकासियो म्हणाला, "दे इकडे."

"बायकांचं काम आहे. हात माखतील."

"फुप्फुसं आतून काळी झालीत, हातांचं काय घेऊन बसलीस!"

दिवसभर लागला त्याला. दोनदा बसलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं. एका बाजूला कललेलं, बूड जड, काठावर त्याच्या अंगठ्याचे मोठे मोठे खड्डे. माझ्या मडक्यांसोबत भाजलं तर एक अंग पार काळं झालं. जमिनीवर ठेवलं की ते दारुड्यासारखं हळूच झुकायचं. तो म्हणाला, "सणाच्या दुसऱ्या दिवशीचा तेओदोमिरो!" आणि आम्ही दोघं इतके हसलो, की त्याचा खोकला पुन्हा सुरू झाला. मक्याची कापणी झाली आणि तो गेला.

आज हे लिहायचं कारण असं, की तोच तेओदोमिरो, आमच्या गावचा अध्यक्ष, परवा ते मडकं फोडण्यासाठी मागायला आला.

यानाकोटो टेकडीवरच्या झऱ्याचा खटला पुन्हा उठलाय, हे तुमच्याकडंही कळलं असेल. टेकडी आमच्या वरच्या आणि तुमच्या खालच्या गावाच्या मधोमध. वर जुन्या लोकांचं पडकं गाव आहे. ते गाव ज्यांच्या पूर्वजांचं, टेकडी त्यांची आणि झराही त्यांचाच, असं म्हणे जमीन कचेरीनं ठरवलंय. शहरातून एक बाई येणार, खणणार, खापरं बघणार. जाड, काळी, अंगठ्याच्या काठाची निघाली तर आपली. पातळ, लाल, पांढऱ्या रेघांची निघाली तर तुमची. "आपली" लिहिलं आणि थांबले. मी जन्मले तुमच्याकडं, तू आमच्याकडं. एकाच वर्षी आपली साटंलोटं करून अदलाबदल केली. तेव्हापासून कुठलं आपलं हे मला दर वेळी आठवून लिहावं लागतं.

तर अध्यक्षांची युक्ती अशी, की बाई यायच्या आत घराघरातली जुनी मडकी गोळा करायची, फोडायची आणि टेकडीवर पसरायची. दोघांना घेऊन माझ्या दारात आला. माझी मडकी उचलून बोटानं वाजवली.

"ही नकोत."

"का?"

"पातळ आहेत. इतकी वर्षं इथं राहूनही तुझा हात खालचाच. ही टाकली तर टेकडी चाकापाम्पावाल्यांना जाईल."

सोबतचे हसले. मीही हसले असते, पण त्याची नजर फडताळावर गेली.

"हे बघा! याला म्हणतात आपलं. जाड, काळं, वाकडं. आणि अंगठे बघा केवढे! थेट जुन्या आजोबांच्या हातचं वाटतंय."

"ते निकासियोचं आहे."

"मग तर उत्तमच. निकासियो आपला होता."

"निकासियो आपला होता. मडकं माझं आहे."

त्यानं टोपी डोक्यावर चढवली. "पाण्याच्या पाळ्या पुढच्या सभेत ठरायच्यात, लेआंद्रा. विचार करून ठेव."

माझं शेत टेकडीच्या पायथ्याशी, त्याच झऱ्यावर आहे. पेरणी तोंडावर आली. मी विचार करते आहे, पण विचार जिथं सुरू होतो तिथंच येऊन बसतो. तुमच्याकडं असलं काही चाललंय का? गुमेरला यातलं सांगू नकोस. तुझा नवरा आणि माझा भाऊ असला तरी तो आधी चाकापाम्पाचा आहे.

तुझी वहिनी आणि नणंद,
लेआंद्रा

चाकापाम्पा, २२ ऑगस्ट १९७६

वहिनी,

तुझं पत्र एव्हारिस्तोनं ट्रकमध्ये कोंबड्यांच्या टोपलीखाली ठेवून आणलं. पहिल्या पानाला काय चिकटलं होतं ते विचारू नकोस. तेओदोमिरोचा भाग मी चुलीपाशी बसून वाचला आणि एकटीच हसले. लहानपणी तो आमच्या कुंपणावरून पेरू चोरायचा आणि पकडला की म्हणायचा, मी मोजत होतो. तसाच राहिला म्हणायचा.

एकटीच हसले, कारण हसायला दुसरं कोण आहे! तुमच्याकडं घराला घर चिकटलेलं. एकीनं शिंकावं आणि भिंतीपलीकडून दुसरीनं "देव भलं करो" म्हणावं. इथं प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात. मीठ उसनं आणायचं तर दोन मळे ओलांडून जावं लागतं, तोवर भाजी करपते. लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्षभर मला इथल्या शांततेनं झोप लागत नसे. तुला उलट झालं असेल.

आमच्याकडं मडकी फोडायचं वगैरे काही चाललेलं नाही. माणसं पेरणीत आहेत.

वहिनी, मडक्याचं मात्र मनावर घे. तेओदोमिरो एकदा मागून थांबणारा नाही. तू सभेला गेलीस की कुणालातरी फडताळापाशी पाठवेल. त्यापेक्षा ते माझ्याकडं पाठव. एव्हारिस्तोच्या ट्रकमध्ये लोकरीच्या पोत्यात घालून दे. इथं कुणाला कळणार नाही. मी गुमेरलासुद्धा दाखवणार नाही. माझ्याकडं ते नीट राहील. लवकर पाठव, पुढच्याच खेपेला.

गुमेरची पाठ धरली आहे. त्याला बिछान्यात बसवून मी बी निवडून घेते, म्हणजे तो रिकामा नाही आणि माझ्या डोक्याला त्रासही नाही.

डोमितिला

रूरिमार्का, १२ सप्टेंबर १९७६

डोमितिला,

तुझं पत्र मिळालं. एव्हारिस्तोही भेटला. तो म्हणाला, चाकापाम्पाचे लोक दोन रविवार टेकडीच्या खालच्या उतारावर लाल खापरं पसरत होते. पोती धरायला त्यालाही बोलावलं होतं. गुमेर पाठदुखी घेऊन पुढं होता म्हणे.

तू लिहिलंस की काही चाललेलं नाही.

मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. माझ्याकडं पाठव, लवकर पाठव, असं दोनदा लिहिलं आहेस. आता बाई खणायला आल्या आहेत. रूरिमार्कात आजही असली काळी, अंगठ्याची मडकी बनतात आणि फोडून टेकडीवर टाकली जातात, हे दाखवायला निकासियोच्या मडक्याहून चांगला पुरावा तुमच्या लोकांना कुठं मिळणार? तुझ्या मनात ते असेल असं मला लिहावंसं वाटत नाही. पण मनात आलं, ते लिहिलं. मडकं मी पाठवणार नाही.

अध्यक्षांनाही दिलं नाही. सभेत त्यानं विचारलं, तेव्हा मी उभी राहून नाही म्हटलं. कुणीतरी मागून म्हणालं, "खालची ती खालचीच." पाळ्यांमध्ये माझं शेत सगळ्यात शेवटी टाकलं. कधीपासून त्या पाटाची साफसफाई मी निकासियोच्या वाटणीची म्हणून करत आले, हे कुणाला आठवलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. करून द्यावी लागणं मला आवडलं नाही.

खणणाऱ्या बाईंचं नाव ओफेलिया. त्यांना उतरायला एकट्या बाईचं घर हवं होतं म्हणून माझ्याकडं पाठवलं. शेळीचं दूध आवडीनं पितात, बूट दाराबाहेर काढतात. त्यांच्याकडं एक जाड पुस्तक आहे, ते मला वाचायला देतात. त्यात आपल्या खोऱ्याविषयी दोनच पानं आहेत. पण ती मी पुन्हा पुन्हा वाचली. वरच्या अंगाचे जुने लोक डोंगराच्या धारेवर दाटीवाटीनं राहायचे, गोल घरं, भोवती भिंत. खालचे लोक नदीकाठी विखरून, चौकोनी घरं, ज्याचं त्याचं शेत, भिंत नाही. वरची भांडी जाड, काळी. खालची पातळ, लाल. मध्ये अर्ध्या दिवसाची चाल. आणि शेकडो वर्षं एकमेकांच्या पद्धतीतलं काही उचललं नाही.

मी बाईंना विचारलं, "भांडत होते का?"

"काही वेळा. पण भांडण नसतानाही उचललं नाही. का, ते आम्हालाही नीट माहीत नाही."

"मग तुम्ही शोधता काय?"

त्या हसल्या. "तेच. माहीत असतं तर घरी बसले असते."

आमचे लोक रोज टेकडीखाली उभे राहून त्यांच्या टोपलीकडं बघतात. तुमचेही पलीकडून बघत असतील.

लेआंद्रा

चाकापाम्पा, ३ ऑक्टोबर १९७६

वहिनी,

तू लिहिलंस ते मी अडीच आठवडे उशीखाली ठेवलं. राग गेल्यावर उत्तर देऊ म्हटलं. राग गेला नाही, पण उशी टोचायला लागली.

खोटं लिहिलं, हे खरं. आमच्याकडं मडकी गोळा करायला लागले तेव्हा गुमेरनं मला बजावलं होतं, "वर कळलं तर ते तुझ्याच तोंडून गेलं असं म्हणतील." मी इथं कोण आहे, हे तुला सांगायला नको. तू वर जशी खालची, तशी मी खाली वरची.

आणि ऐक, काय झालं ते. माझीही मडकी नाकारली! मी सासूबाईंच्या हाताखाली शिकले, लाल माती लावली, काडी चघळून पांढऱ्या रेघा ओढल्या, त्यांना आवडतील अशा. तरी गुमेरचा चुलतभाऊ एक उचलून म्हणाला, "हे डोमितिलाचं दिसतंय, नुसतं दगडासारखं जड. यानं केस बुडेल आपली." सगळ्यांसमोर! मी म्हटलं, जड आहे म्हणून तर तुझ्या बायकोच्या तीन मडक्यांत माझं एक टिकतं. पण घरी येऊन रडले. तुझ्या पत्रात तुझ्या पातळ मडक्यांचं वाचलं होतं, ते आठवून पुन्हा हसले. दोन गावांनी मिळून आपल्या दोघींना नापास केलं बघ.

आता मडक्याचं. पुराव्यासाठी नको होतं मला. पुरावा करायचा असता तर सरळ मागितला असता, मला लाज कसली?

निकासियो गेला तेव्हा दोन गावांत दगडफेक चालू होती. वाट बंद होती. निरोप आला तेव्हा पुरून झालं होतं. पाचव्या दिवशी रिवाजाप्रमाणे तुम्ही त्याचे कपडे नदीवर धुतले आणि जाळले, ते मला एव्हारिस्तोकडून कळलं, तेही कोंबड्यांच्या बाजारभावासोबत. मी त्याची बहीण. त्याची एक टोपीसुद्धा माझ्याकडं आली नाही. तू पत्रात लिहिलंस, काठावर त्याचे अंगठे आहेत, मोठे मोठे. ते वाचलं आणि बाकी पत्र मला दिसेना. लहानपणी तोच अंगठा माझ्या कपाळावर दाबून म्हणायचा, "हा शिक्का, आता तू माझी मेंढी." त्या अंगठ्याची आठवण झाली, म्हणून मागितलं. सरळ लिहिता आलं नाही, कारण तुझ्या घरातून तुझ्या नवऱ्याची वस्तू मागायची कशी?

नोव्हेंबरात मेलेल्यांना जेवू घालायच्या दिवशी त्याचं तिसरं, म्हणजे शेवटचं वर्ष. दोन वर्षं त्यानं तुझ्याकडं येऊन जेवण केलं. यंदा जेवून गेला की मग तो परत यायचा नाही. माझ्याकडं तो एकदाही आला नाही, कारण माझ्याकडं त्याचं असं काहीच नाही ज्यापाशी तो येईल. मी दोन्ही वर्षं टेबल मांडलं होतं, तुला सांगितलं नाही. भाकरीच्या पिठाची बाळं भाजली, पिठाचाच घोडा भाजला. दुसऱ्या दिवशी सगळं जसंच्या तसं होतं. गुमेर म्हणाला, त्याला आपलं घर सापडलं नसेल, इथं सगळी घरं लांब लांब.

लिहायचं होतं ते लिहून झालं. आता ठेव ते तुझ्याकडं. तुझंच आहे.

डोमी

रूरिमार्का, १७ ऑक्टोबर १९७६

डोमी,

मागचं पत्र मी लिहायला नको होतं. यावर अजून काही लिहिलं तर ते मला बरं वाटावं म्हणून होईल, म्हणून इथंच थांबवते.

इथली हकिकत सांगते. बाईंनी पहिल्याच दिवशी टेकडीवरची सगळी खापरं, तुमची लाल आणि आमची काळी, एका पोत्यात भरून बाजूला ठेवली. अध्यक्ष धावत गेला.

"बाई, पुरावा असा बाजूला का टाकता?"

"वर पडलेलं मी मोजत नाही, खालचं मोजते. शिवाय यांच्या कडा आजच्या आहेत. आणि हे बघा." एका खापराच्या आत वाळलेली शेवई चिकटली होती.

चाकापाम्पाचे लोक पलीकडून ओरडले, "तुमचे आजोबा शेवया खायचे का रे?" तेवढ्यात बाईंनी पोत्यातलं एक लाल खापर काढलं, त्याच्या कानाला तार गुंडाळलेली होती. मग ओरडायची पाळी आमची आली. मी शेळी बांधत होते. डोमी, दोन्ही गावांनी आपली भांडी फोडली, आयांची, आज्यांची, स्वयंपाकातली. आता बायका ॲल्युमिनियमच्या पातेल्यात बटाटे उकडतात आणि बटाटे तळाला लागतात म्हणून ओरडतात. आणि फोडलेल्यातलं एकही मोजलं गेलं नाही.

खालून एक घर निघालं. गोल, वरच्या पद्धतीचं. पण शेजारी दुसरं घर नाही, भिंत नाही, एकटं शेतात, खालच्या पद्धतीनं. चुलीपाशी खापरं होती. बाईंनी संध्याकाळी एक धुऊन माझ्या हातात दिलं. काळी माती, काठावर अंगठ्याचे खड्डे. मी बोटांनी दाबून पाहिलं. पातळ होतं.

मी उठून चुलीपाशी गेले, माझं रोजचं मडकं आणून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी दोन्हीची जाडी मापून पाहिली आणि दोन्ही मांडीवर घेतली.

"लेआंद्रा, खालून लग्न होऊन आलेली कुणी होती असं मला लिहायला फार आवडेल. पण लिहिता येणार नाही. माती चांगली मिळाली असेल, किंवा कुणाची हौस असेल. एका खापरावरून सून उभी करता येत नाही."

"नका लिहू," मी म्हटलं. "ती होती की नव्हती, ते तिलाच ठाऊक."

कचेरीला त्या इतकंच कळवणार आहेत, की यानाकोटोचं गाव वरचं की खालचं, हे सांगता येत नाही. झऱ्याचं काय करायचं ते कचेरीनं बघावं. दोन्ही गावं त्यांच्यावर चिडली. त्या शहरात परत गेल्या, मग सगळे माझ्यावर चिडले. तेओदोमिरो दारात येऊन म्हणाला, "तूच सांगितलंस तिला. तुझ्याच घरात झोपत होती."

"शेवईनं सांगितलं, अध्यक्ष. ती तुमच्याच घरची होती, मडकी गोळा केलीत त्या दिवशी तुमची बायको शेवया करत होती."

असं बोलायला नको होतं. परवा मी शिंकले. भिंतीपलीकडून कुणी काही म्हणालं नाही.

पाणी अजून माझ्या शेतावर आलेलं नाही. बाकीच्यांचा मका उगवून आला. मडक्याबद्दल मला अजून काही लिहिता येत नाही. रोज सकाळी त्यात अंगठा ठेवते. त्याच्या खड्ड्यात माझा अंगठा सैल पडतो, आणि त्या सैल जागेत मी थोडा वेळ थांबते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

लेआंद्रा

चाकापाम्पा, ३ नोव्हेंबर १९७६

वहिनी,

एव्हारिस्तोनं पोतं उतरवलं तेव्हा मला वाटलं, लोकर असेल, तू पाठवतेस तशी. हात घातला तर कडक काहीतरी लागलं. गुमेर म्हणाला, "चिठ्ठी आहे का?" चिठ्ठी नव्हती. मी अंगणातच बसले. एव्हारिस्तो बिचारा विचारत राहिला, "फुटलं का? मी तर हळू चालवला ट्रक."

टेबल मांडलं. काळी शाल अंथरली, भाकरीची बाळं, घोडा, उकडलेला मका, कोकाची पानं, थोडी मक्याची आंबवलेली चिचा. मधोमध त्याचं मडकं, त्यात जवाचं सूप. ठेवल्या ठेवल्या ते कललं आणि सूप बाळांवर सांडलं. गुमेर पटकन म्हणाला, "आला!" आणि आम्ही सगळे हसलो, रडलोही. शेजारी दोन मळे ओलांडून आले. गुमेरचा चुलतभाऊही आला. मडकं हातात घेऊन त्यानं वजन पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि न बोलता खाली ठेवलं. इतकं शहाणपण त्याच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

मी कपाळ त्या काठाला टेकवलं. इतकंच सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला निरोप दिला. मीच वेशीपर्यंत गेले. आता तो परत येणार नाही. वहिनी, तू त्याचा शेवटचा दिवस मला दिलास आणि तू मात्र त्या दिवशी एकटी बसलीस, हे माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशी काय केलंस? कोण आलं होतं? मडकं धुऊन ठेवलंय. पुढच्या खेपेला परत पाठवू का?

डोमी

रूरिमार्का, १० नोव्हेंबर १९७६

डोमी,

मडकं पाठवू नकोस. तुझ्याकडं राहू दे. इथं ते रोज उचलायची माझ्या हाताला सवय झाली होती. सवय मोडायला वेळ लागेल, पण मोडेल.

चिठ्ठी घातली नाही, कारण काय लिहावं ते सुचलं नाही. पोत्याचं तोंड शिवत होते तेव्हा एकदा वाटलं, पुन्हा उसवावं. मग एव्हारिस्तोनं भोंगा वाजवला.

विचारलंस म्हणून सांगते. त्या दिवशी सगळ्या घरांमध्ये भाकऱ्या भाजल्याचा वास होता. दाटीच्या गावात वासालाही दार नसतं. मी टेबल मांडलं नाही. चूल पेटवली, स्वतःपुरते बटाटे उकडले. मेलेल्यांना जेवू घालायच्या दिवशी दुपारभर करायला काही नव्हतं, म्हणून अंगणातल्या खळग्यात थोडी काळी माती भिजत घातली.

संध्याकाळी तेओदोमिरो आला, हातात एक भाकरीचं बाळ घेऊन. सगळ्या घरी जातो तसा आला होता. दारातून आत डोकावून म्हणाला, "टेबल कुठंय? तिसरं वर्ष ना निकासियोचं?"

"तो खाली गेलाय. बहिणीकडं."

त्यानं टोपी काढली. फडताळाकडं पाहिलं, रिकामी जागा पाहिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, चाकापाम्पाचं नाव घेईल. पण तो बाळ माझ्या हातात देऊन म्हणाला, "डोमितिला बरी आहे ना?" मी म्हटलं, "बरी आहे, अजून पेरूंचा हिशेब मागते." तो हसला नाही, पण गेला तेव्हा दार आपण होऊन ओढून घेतलं.

पाळी बदललेली नाही. पाणी आलं, पण इतक्या उशिरा की अर्धा मका आता उगवणार नाही. पलीकडच्या भिंतीतून अजून आवाज येत नाही. झऱ्याचं काही ठरलेलं नाही. ओफेलियाबाईंचं एक पत्र आलं, त्यात त्या खापराचं चित्र काढून पाठवलंय. मी ते भिंतीवर, निकासियोच्या आवडत्या बातमीशेजारी चिकटवलं.

त्या रात्री मी लवकर झोपले. निकासियो तुझ्याकडं असेल, सूप सांडत असेल, असं मनात आणून झोपले.

दुसऱ्या दिवशी मी एक मडकं घडवलं, माझ्या हाताला येतं तसं पातळ, आणि काठ अंगठ्यानं दाबला.

लेआंद्रा